अकरावी शकू

"पद्माताई, सर्व्हर आला की माझ्या टेबलाखालचं मशीन बंद करा. नऊ वर्षं जागंच आहे ते," निवृत्तीच्या दिवशी मुकुंदराव म्हणाले होते. एकादशी होती, मी हो म्हटलं.

संगणकाच्या कार्यप्रणालीत दोन जाती असतात. एकासाठी राबते ती वर्कस्टेशन, सर्वांसाठी राबते ती सर्व्हर. आमच्या तळवड्याच्या कारखान्यात पहिलीकडून दुसरीचं काम करून घेतात. यालाच व्यवस्थापन म्हणतात.

दोन्हींची तुलना करायला समिती नेमली. तिने नऊ महिने अभ्यास केला (चहा वेगळा). निष्कर्ष असा, की पडदा तोच, घड्याळ तेच. आमच्याकडचं वर्कस्टेशन एका वेळी दहाच जणांना आत घेतं आणि सर्व्हर सगळ्यांना. सगळ्यांना घेणं समितीला जरा धोक्याचं वाटलं, तरी सर्व्हर आला. एसी खोलीत बसला. खंडेनवमीला हार घातला, नारळ वाढवला, बाहेर 'चपला काढा' अशी पाटी लागली. सर्व्हर एकदा सुरू केला की बंद करायचा नसतो, असं शास्त्र आहे. म्हणून तो अजून सुरूच केलेला नाही. (दोन वर्षांत एकदाही बिघडला नाही.)

काम मुकुंदरावांच्याच मशीनवर चालतं. माझ्या पाहणीनुसार आतल्या दहांपैकी सहा जण फाईल उघडून चहाला गेलेले असतात आणि दोघे त्यांना शोधायला. नववे मिहिर साहेब. जागा जाऊ नये म्हणून ते रजेवर जातानाही बाहेर पडत नाहीत. दहावी मी.

अकरावी शकू. म्हाळुंग्याची, कंत्राटी, गेटवर बसून गेटपास काढते. आत जागा नसली की पास निघत नाही, माल भरलेली गाडी अडते आणि मेमो शकूला मिळतो. तीन झालेत. चौथ्याला घरी. समितीने तिच्यासाठीही उपाय सुचवला, की तिने लवकर यावं. ती सहाला येते. साहेब परवापासून आत आहेत.

रोज काहीतरी सोडायचं, असा माझा नेम आहे. मी सकाळी माझी जागा सोडते. शकूला फोन लावेपर्यंत तिथे कुणीतरी शिरतं. पुण्य मला, मेमो तिला.

काल ती म्हणाली, "ताई, त्यो हार घातलेला हाय ना, त्याला इचारून बघू का? देव बी अकराव्याला बाहीर ठिवत न्हाई."

मी म्हटलं, उद्या तुझी गाडी अडणार नाही. खोटं बोलायचं नाही, हाही माझा नेमच आहे.

आज गुरुवार. पोथी वाचून आले आहे. गेटवर पहिली गाडी लागली आहे. मुकुंदरावांचं टेबल माझ्यापासून चौदा पावलांवर. ते मशीन बंद झालं की सर्व्हर सुरू करण्यावाचून इलाज नाही. तोवर सगळेच अकरावे.

आपण त्या दहांतले नाही, असं तुम्हाला वाटत असेल. त्यांनाही तसंच वाटतं. तुम्हीही आत्ता कुठलीतरी फाईल उघडी ठेवूनच हे वाचत बसला असाल. सेव्ह करून घ्या.

मी उठले.