मधला पडदा

डोळ्यांच्या दवाखान्यातून घरी येताना वेलांटीकाकांनी एक गोष्ट पक्की ठरवून टाकली होती. बायकोला यातलं अक्षरही सांगायचं नाही. काकांनी चाळीस वर्षं छापखान्यात लोकांच्या चुका काढून पोट भरलं होतं. ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं त्यांना म्हणे दुसऱ्या खोलीतूनही कळायचं, म्हणून तर हे नाव पडलं. निवृत्तीनंतरही एक प्रकाशक त्यांच्याकडे मुद्रितं तपासायला पाठवायचा. आणि आता डॉक्टरबाई सांगत होत्या की उतारवयात होतं तसं त्यांच्या डोळ्याचा पडदा मधोमध पातळ व्हायला लागलाय.

घाबरण्यासारखं अजून काही नव्हतं. पालेभाज्या खा, मासे खा, तळलेलं बंद करा, म्हणजे ही झीज सावकाश होईल, असं बाई म्हणाल्या. पोटातले चांगले जंतू बिघडले तर त्याचा त्रास डोळ्यांनाही होतो असं हल्ली काही संशोधक म्हणतात. ते अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही, पण पोट जपण्यात तोटा तर नाही ना? शेवटी त्यांनी बजावलं, की सरळ रेघ ज्या दिवशी वाकडी दिसेल त्या दिवशी तडक इथे यायचं. काकांनी सवयीप्रमाणे चिठ्ठी लिहून खिशात टाकली. ‘मधला पडदा पातळ. पोटातले जंतू – जपा. पालेभाजी रोज. तळलेलं बंद.’

न सांगण्याचं कारण साधं होतं. काकूंनी शाळेत शिवणकाम शिकवता शिकवता अंथरुणाला खिळलेल्या सासूचं अकरा वर्षं सगळं केलं होतं. आता कुठे बिचारी मोकळी झाली होती, मैत्रिणींबरोबर फिरायला जात होती. पुन्हा तिच्या गळ्यात एक आजारी माणूस, तोही आपणच, हे काकांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी घरी येऊन जाहीर केलं की डोळे ठणठणीत आहेत, फक्त चष्म्याची काच पुसायची होती.

पण नवऱ्याचा खिसा ही काही लपवाछपवीची जागा नव्हे. दुसऱ्या दिवशी शर्ट धुवायला टाकताना चिठ्ठी काकूंच्या हाती लागली. चष्मा वर करून, खाली करून, खिडकीपाशी नेऊन त्यांनी ती वाचली आणि कपाळाला हात लावला. पोटातले जंत! म्हणजे या वयात यांना जंत झाले, आणि लाजेकाजेस्तव गप्प बसलेत. आणि ‘जपा’ म्हणे. जपायलाच हवं, घरभर पसरलं म्हणजे?

चिठ्ठीतल्या पहिल्या ओळीने मात्र त्यांना भरून आलं. बैठकीच्या खोलीतला मधल्या मोठ्या खिडकीचा पडदा खरंच विरला होता. अडतीस वर्षांच्या संसारात या माणसाने पडद्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं, आणि आज पोटात जंत घेऊन त्याला पडद्याची काळजी. काकूंनी त्याच दुपारी शिवणयंत्रावरचं आच्छादन काढलं. ट्रंकेतलं जाड, गडद निळं कापड निघालं. शोभेसाठी कडेला उभी पांढरी पट्टी लावायची असं त्यांनी ठरवलं.

मधल्या वेळात त्या औषधांच्या दुकानात जाऊन आल्या. दुकानदार म्हणाला, एकाला झाले असतील तर घरातल्या सगळ्यांनीच गोळी घेतलेली बरी. मग सूनबाईला घ्यावी लागली, मुलाला घ्यावी लागली. दोघांनाही काकूंनी शपथ घातली की बाबांपुढे ब्र काढायचा नाही, त्यांना संकोच होतो. त्यामुळे रात्रीच्या जेवणाला मुलगा बापाकडे इतक्या मायेने बघत होता की काका कावरेबावरे झाले.

जेवण उरकल्यावर काकूंनी गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला.

“मला सगळं कळलंय,” त्या हळूच म्हणाल्या.

काकांचा घास उतरला होता तरी ठसका लागला. “कसं कळलं?”

“चिठ्ठी सापडली. त्यात लाजायचं काय? लहान मुलांना तर हमखास होतं.”

“लहान मुलांना?”

“शाळेत दर वर्षी वाटायचो आम्ही या गोळ्या. घ्या, चावून खा. उद्यापर्यंत सगळं पडून जाईल.”

काकांनी गोळी उलटसुलट करून पाहिली. डॉक्टरबाई पडदा पातळ झालाय म्हणाल्या होत्या, पडणार असं म्हणाल्या नव्हत्या. पण बायको इतकी शांत होती, आणि इतक्या प्रेमाने पाठीवरून हात फिरवत होती, की आता विचारायचं तरी काय? त्यांनी गोळी चावली. चला, निदान हिला सांगायचं संकट टळलं, असं म्हणून ते आडवे झाले, पण झोप काही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ते सकाळभर डोळे जपून चालले. शिंक आली तरी दाबली. दुपारी जरा धीर आला म्हणून कोपऱ्यावर मुद्रितांचा गठ्ठा पोस्टात टाकायला गेले. तोवर काकूंनी नवा पडदा लावून पूर्ण ओढून घेतला होता, यांनी आल्या आल्या बघावा म्हणून.

काका रणरणत्या उन्हातून आत आले आणि दारातच थबकले. समोर काळोख. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हळूहळू काळोखात एक उभी पांढरी रेघ दिसायला लागली. ती वाकडी होती. मध्ये फुगलेली, खाली नागमोडी गेलेली. त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. रेघ वाकडी ती वाकडीच. काका चाचपडत खुर्चीवर बसले.

“अगं,” त्यांनी हाक मारली, “पडदा गेला.”

“गेला कुठे?” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “आत्ताच तर लावलाय.”

“मला दिसत नाहीये गं. रेघ वाकडी दिसतेय. संपलं सगळं. तुला आपणहून नाही सांगितलं मी, चुकलो. तुझ्या मागे पुन्हा हे नको होतं लावायला.” आणि उभ्या जन्मात न रडलेला हा माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला.

काकू धावत आल्या. जंतांपायी कुणी एवढं रडत नाही हे त्यांना कळलं. त्यांनी आधी पडदा बाजूला केला. खोलीत लख्ख उजेड आला, आणि काकांना खुर्ची दिसली, टेबल दिसलं, घाबरलेली बायको दिसली. मग पाणी पिऊन, थांबत थांबत त्यांनी सगळं सांगितलं. डोळ्याचा पडदा, पालेभाजी, पोटातले जंतू.

“जंतू?” काकू म्हणाल्या. “मग जंत कशाला लिहिलंत? अहो, मी सगळ्या घराला गोळ्या चारल्या.”

रडणं जागच्या जागी थांबलं. काका ताठ बसले. डोळे जातील, काय वाट्टेल ते होईल, पण त्यांच्या हातून उकार सुटेल? त्यांनी चिठ्ठी मागवली. सूनबाई आवाज ऐकून बाहेर आली होती, तिने ती उजेडात धरली.

“आई, जंतूच आहे,” ती म्हणाली. “चांगला ठसठशीत दुसरा उकार आहे.” मग तिची नजर पडद्यावर गेली. “आणि बाबा, ती पट्टी मलाही वाकडीच दिसतेय.”

काका उठले आणि त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. बोटालाही शिवण वाकडीच लागली. जिने हजार मुलींना सरळ टीप घालायला शिकवलं, तिची. ते वळून बायकोकडे बघत राहिले.

“किती दिवस झाले?” त्यांनी विचारलं.

काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या, “वर्ष होईल. धुकं असल्यासारखं दिसतं. मोतीबिंदू असेल.”

“मला सांगायचं नाहीस?”

“तुमचं वाचन बंद करून तुम्ही माझ्याभोवती फिरत बसला असता. तेवढा एकच तर आनंद आहे तुम्हाला.”

 काकांनी बायकोचा हात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. सूनबाई उगाचच चिठ्ठीची घडी घालत उभी राहिली.

संध्याकाळी दोघं दवाखान्यात निघाले. सूनबाई बरोबर येते म्हणाली, तर दोघंही एका सुरात म्हणाले की आम्ही काय आंधळे आहोत? रस्ता ओलांडताना दोघांनी एकमेकांचा दंड घट्ट धरला होता, आणि आपणच दुसऱ्याला सांभाळून नेतोय अशी दोघांचीही खात्री होती. दुसऱ्या मजल्यावर दोन दारं होती. काकांनी एका दारावरची पाटी वाचली, काकूंनी ती वाचून बरोबर असल्याचं सांगितलं, आणि ते आत शिरले.

“आधी हिचं बघा,” काका टेबलामागच्या मुलीला म्हणाले. “माझं काय, सावकाश चाललंय.”

“अजिबात नाही. आधी यांचं,” काकू म्हणाल्या. “माझं नंतर झालं तरी चालेल.”

“ही ऐकायची नाही. तुम्ही हिलाच आत घ्या.”

मुलीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिलाही त्यांचं कौतुक वाटलं असावं.

“दोघांचंही आजच बघतील,” ती म्हणाली. “फक्त एवढं सांगा, दात वरचा दुखतोय की खालचा?”