मागच्या फळीतल्या दोन नळ्या

त्या शनिवारी कप्तानाने होडीच्या मागच्या फळीतल्या नळीत आतून फक्त एक बोट घालून पाहिलं. (कप्तान म्हणजे खरं तर आवक-जावक टेबलावरचा कारकून. ही बढती त्याला कचेरीतल्या मंडळींनी दिली होती, पगारवाढीशिवाय.) दुसरा कुणी बोट काढून गप्प चहा प्यायला गेला असता. याने ते जरा फिरवलं आणि नळीचा हिरवा पडलेला पितळी तुकडा त्याच्या हातात आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं!

होडी चार माणसांची, सासऱ्यांनी गुडघे दुखायला लागल्यावर जावयाच्या गळ्यात घातलेली. आत साचलेलं पाणी निघून जावं म्हणून मागच्या फळीत तळाशी दोन नळ्या होत्या. होडी पाण्यात सोडताना त्यांना बाहेरून बुचं लावायची आणि अंगणात आणली की काढायची, अशी रीत. पण बुचं सासऱ्यांच्या काळातच नळ्यांत गंजून रुतली होती, त्यामुळे कप्तानाने आजवर कधी बूच लावलं नव्हतं की काढलं नव्हतं.

नळी तुटल्याचं कळल्यावर बायको शांतपणे बियांची पाकिटं घेऊन आली. अंगणातली ऊन येणारी एकुलती एक जागा ती होडी चार वर्षं अडवून बसली होती. पुढच्या रविवारी बाबा येणार आहेत, तिने सांगितलं. त्यांना बसवून होडी पाण्यात गेली आणि परत आली तर राहू दे, नाहीतर विकून टाका, मला तिथे भाजीचा वाफा करायचाय. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं रजिस्टरात चढवून कप्तान थकलेला असायचा, आणि त्या होडीत बसलं की कुणी त्याच्या हातात कागद देऊ शकत नसे. त्याला ती मनापासून हवी होती.

मग रोज संध्याकाळी डोकं खाली, पाय वर अशा आसनात त्याचा संसार सुरू झाला. जुन्या नळ्या निघता निघता तीन दिवस गेले. नवी नळी भोकात बसवून तिची कड हातोडीने ठोकून फळीवर वळवायची होती. पहिली चिरली. दुसरीने अंगठ्याचा घास घेतला. चौथ्या फेरीला दुकानदाराने काय हवंय हे विचारणंही सोडलं, नळी आधीच काउंटरवर काढून ठेवली.

"नळ्या बसतील हो," तो म्हणाला. "लोक बुचं विसरतात. गाडीच्या किल्लीला बांधून ठेवा. किल्ली हातात आली की बूच हातात आलं."

कप्तानाला हे इतकं पटलं की त्याने दोन्ही नवी बुचं तिथल्या तिथे किल्लीला बांधली.

शुक्रवारी नळ्या बसल्या. शनिवारी कडेचं सीलंट सुकलं. रविवारी सकाळी कप्तानाची पाठ धरली. गाडी चालवणं सोडा, त्याला मान वळवता येईना. तेव्हा गाडी बायकोने चालवली, उतारावरून ट्रेलर मागे घेत होडी पाण्यात तिनेच सोडली आणि गाडी लावायला ती वर निघून गेली. कप्तान होडीत ताठ बसला होता. लोकांना तो रुबाब वाटला असेल.

थोड्या वेळाने समोर बसलेल्या सासऱ्यांनी आपले मोजे पाहिले. जन्मभर फिटर म्हणून काम केलेला माणूस. ते वाकले आणि त्यांनी नळ्यांच्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं.

"जावईबापू, काम चोख झालंय. कडेने एक थेंब आत येत नाही."

कप्तानाचा ऊर भरून आला. आठ दिवसांत कुणी त्याला बरं म्हटलं नव्हतं.

"सगळं मधूनच येतंय," सासरे म्हणाले. "बुचं कुठायत?"

कप्तानाने मान वळत नव्हती म्हणून अख्खं अंग वळवून काठाकडे पाहिलं. बायको तिथे उभी राहून हात हलवत होती, आणि त्या हातात किल्ली होती. होडी कुठलीही घाई न करता गुडघाभर पाण्यात बसली. दोघे चालत काठावर आले.

"किल्लीला हे काय लटकतंय ते विचारणार होते मी," बायको म्हणाली. "पण होडीबद्दल काही विचारायचं नाही, असं मीच चार वर्षांपूर्वी ठरवलंय."

दोन-चार लोकांनी हात लावला आणि होडी पुन्हा ट्रेलरवर चढली. घर येईपर्यंत आतलं सगळं पाणी नव्या नळ्यांतून निघून गेलं होतं. बायकोने अंगणात वाकून मागची फळी बराच वेळ न्याहाळली. कप्तान निकालाची वाट पाहत उभा राहिला. (बसणं शक्यच नव्हतं.)

"राहू दे होडी," ती शेवटी म्हणाली.

त्याचे डोळे भरून आले. सोमवारी टेबलावर पत्रांचा ढीग पडला तरी तो कुणावर वैतागला नाही. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा होडी काठोकाठ मातीने भरलेली होती आणि सासरे तिच्यात टोमॅटोची रोपं एका रांगेत लावत होते.

"वाफ्यात पाणी साचलं की मुळं कुजतात," बायको त्याच्या हातात झारी देत म्हणाली. "पण तुमच्या नळ्या छान आहेत."

कप्तान पाणी घालू लागला. मागच्या फळीतून ते दोन सारख्या धारांनी बाहेर पडलं, कडेने एक थेंबही न गळता. किल्लीची बुचं त्याने अजून काढलेली नाहीत. कचेरीला जाताना ती आता रोज न चुकता हातात येतात.