साडेसातशेचं घड्याळ

मला घड्याळ घ्यायचंच नव्हतं. मला फक्त पाच मिनिटं गारव्यात उभं राहायचं होतं. (हे मी नंतर स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी मलाही ते पटेनासं झालं.)

मी पाणीपुरवठा कार्यालयात कारकून आहे. तक्रार विभागात. गळके पाइप, बंद मीटर, न आलेलं पाणी आणि आलेलं गढूळ पाणी यांच्या नोंदी करायच्या आणि लोकांना ‘बघू’ म्हणायचं, हे माझं काम. त्या दिवशी पगाराच्या फरकाची रक्कम खात्यात जमा झाली होती, डोक्यावर ऊन होतं आणि वाटेत ते काचेच्या दाराचं दुकान होतं. आत शिरलो. काउंटरवरच्या बाई मला ‘सर’ म्हणाल्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला ‘ओ खिडकी’ आणि एकदा तर ‘ए टाकी’ अशा हाका आलेल्या आहेत. ‘सर’ पहिल्यांदाच. बाईंनी माझं मनगट मखमली उशीवर ठेवलं आणि त्यावर घड्याळ चढवलं. ‘नको’ म्हणायला मी तोंड उघडलं आणि त्यातून ‘कार्ड चालेल ना?’ असं बाहेर पडलं.

एक लाख अठरा हजार.

रस्त्यावर आल्यावर पावती दुमडून खिशात घातली. आणि सगळ्यात आधी आठवले ते बाबा.

बाबा चौतीस वर्षं एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. पत्रा कापणाऱ्या प्रेसशेजारी उभं राहून त्यांनी मला कॉलेजपर्यंत शिकवलं, आणि त्या प्रेसने त्यांचे दोन्ही कान नेले. मी घड्याळ घेतलं त्याच महिन्यात कानाच्या डॉक्टरांनी त्यांना ऐकण्याचं मशीन सुचवलं होतं. दोन्ही कानांचं मिळून बेचाळीस हजार. आकडा ऐकून मी सवयीने म्हणालो, ‘बघू.’ बाबांना शब्द ऐकू आला नाही, पण चेहरे त्यांना चांगले वाचता येतात. ‘राहू दे,’ ते म्हणाले. ‘या वयात कशाला.’

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय.

घरी दारातच बायकोने मनगट पाहिलं. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

‘नवीन?’

‘डुप्लिकेट आहे. फुटपाथवर मिळालं.’

‘केवढ्याला?’

‘साडेसातशे.’

‘साडेसातशे जास्तच झाले,’ असं म्हणून ती आत गेली.

मी घड्याळ मोज्यांच्या खणात ठेवून दिलं. रोज सकाळी दार लावून दोन मिनिटं मनगटावर चढवायचो, आरशात बघायचो आणि काढून ठेवायचो. एक लाख अठरा हजारांत मला दिवसाची दोन मिनिटं मिळाली होती, आणि त्या दोन मिनिटांतही आरशात माझ्या खांद्यामागे बाबांच्या खोलीचं दार दिसायचं.

आठवड्याभरात तीही गेली. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर बाबा मागच्या बाल्कनीत पक्कड साफ करत बसले होते आणि घड्याळ त्यांच्या हातावर होतं. वर रॉकेलचा एक थेंब.

‘बाबांचं जुनं बंद पडलं,’ बायको म्हणाली. ‘तुमचं नुसतं मोज्यांत पडलं होतं. म्हटलं साडेसातशेचं तर आहे, घालू देत.’

मी म्हणालो, ‘बरं केलंस.’ (आवाज थोडा चिरकला. तिला वाटलं सर्दी.)

बाबा घड्याळ घालून आंघोळ करत, कुंड्यांतली माती उकरत, कानशीने लोखंड घासत. प्रत्येक घासणीला मी मनात हजार रुपये वजा करायचो. पण ते घड्याळाकडे मधूनमधून ज्या नजरेने बघत, तिचा हिशेब लागत नव्हता.

मग पट्टा सैल होतो म्हणून ते एकटेच घड्याळजीकडे गेले. घड्याळजीने दोन कड्या काढायला नकार दिला, कंपनीच्या दुकानात न्या म्हणाला. बाबांना ऐकू येईना, म्हणून त्याने चिठ्ठीवर घड्याळाची किंमत लिहून दाखवली.

बाबा घरी आले ते चिठ्ठी घडी करून खिशात ठेवूनच. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. ऐकू न येणारी माणसं मोठ्याने बोलतात. बाबा तसे नव्हते, ते हळू बोलत.

‘हातात घेतलं तेव्हाच कळलं होतं मला. चौतीस वर्षं धातू हाताळलाय. साडेसातशेत असं काम होत नाही.’

मी चिठ्ठी उलटी करून ठेवली.

‘खरी किंमत सांगितली असतीस तर मी घेतलं नसतं,’ बाबा म्हणाले. ‘हे तुला ठाऊक होतं. म्हणून हिच्या हातून दिलंस.’ आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी पन्नाशी ओलांडली आहे. तो हात शेवटचा कधी ठेवला होता तेही मला आठवेना.

स्वयंपाकघरात बायकोने मला गाठलं. तिनेही चिठ्ठी वाचली होती.

‘कुणासाठी घेतलं होतं?’

‘बाबांसाठी.’

‘मग कानाच्या मशीनला का “बघू” म्हणालात?’

मी नळ नीट बंद आहे का ते पाहू लागलो. ती पोळ्यांकडे वळली. आणखी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून बागेतल्या बाकावर माझी कीर्ती पसरली. बाबांचे दोस्त, एक निवृत्त पोस्टमन आणि एक टेलर, मला रस्त्यात थांबवू लागले. ‘आमची मुलं फोनसुद्धा करत नाहीत,’ पोस्टमन म्हणाले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. तो सोडवून घेताना मला चोरी करून पळाल्यासारखं झालं.

हे ओझं कुठेतरी उतरवायला हवं होतं. मी एक सोय शोधली. (भेकड माणसाला सोयी पटकन सापडतात.) ऑफिसातून आलो की चहा घेऊन बाल्कनीत बाबांच्या मागे बसायचो आणि त्यांच्या पाठीला, अगदी हळू आवाजात, सगळं खरं सांगायचो. बाबा आपले काहीतरी घासत असायचे. दहा मिनिटं बोललं की जेवण जायचं. रोज थोडं थोडं, पंधरा दिवस हे चाललं.

एका बुधवारी जरा जास्तच बोललो. ‘बाबा, घड्याळ तुमच्यासाठी नव्हतं,’ मी म्हणालो. ‘माझ्यासाठी होतं. तुमच्या मशीनला बेचाळीस हजार जड वाटले मला. तुम्ही राहू दे म्हणालात, तेव्हा मला आनंद झाला.’

कानस थांबली.

‘पुढे?’ बाबा म्हणाले.

मला वाटलं, स्वतःशीच पुटपुटले. पण ते वळले तसा डोक्यावरचा पंचा सरकला. कानामागे बोराएवढं काहीतरी करडं बसवलेलं होतं आणि त्यातून एक बारीक नळी कानात गेली होती. त्याच दुपारी बायकोने स्वतःच्या साठवणीतून मशीन आणलं होतं. सवय होईपर्यंत याला सांगू नकोस, रविवारी चकित करू, असं बाबाच तिला म्हणाले होते.

पुढे काही नव्हतंच. बाबांनी घड्याळ काढलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि माझ्या कपाशेजारी ठेवलं.

‘नको बाबा. तुम्हीच ठेवा.’

‘माझं नव्हतंच ते,’ बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी हुज्जत घातली असती. थोड्या वेळाने म्हणाले, ‘बाकावर सगळ्यांना सांगून बसलो मी.’ आणि पुन्हा कानस उचलली, पण घासलं काहीच नाही. नुसती हातात धरून बसले.

दोन दिवसांनी पोस्टमन भेटले. म्हणाले, ‘घड्याळ सर्व्हिसिंगला टाकलंस म्हणे. बाबा सांगत होते, मुलगा फार काळजी घेतो.’

मी हो म्हणालो. सरळ घरी न जाता रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. बाबांनी आयुष्यात खोटं बोललेलं मला माहीत नाही. या वयात त्यांना ते माझ्यासाठी शिकावं लागलं.

घड्याळ मी दुकानात परत नेलं. कडेवरचे कानशीचे ओरखडे बघून बाईंनी ते वापरलेलं म्हणून निम्म्याच्याही खाली घेतलं, आणि या वेळी सर म्हणाल्या नाहीत. पैसे बायकोच्या हातात दिले. तिने मोजले नाहीत.

राहिली होती ती माफी. रविवारी दुपारी मी बाल्कनीत गेलो. या वेळी मागे बसलो नाही, स्टूल ओढून समोर बसलो. तासभर बोललो. वर्कशॉपच्या दाराशी त्यांचा डबा घेऊन उभा राहायचो ते, माझ्या कॉलेजच्या फीसाठी ते दोन पाळ्या करायचे ते, त्यांच्या कानांचं मी कधीच विचारलं नाही ते. बोलताना माझे डोळे वाहत होते. बाबा माझ्याकडे बघत हळूहळू मान हलवत होते. शेवटी त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

मी तोंड धुऊन स्वयंपाकघरात गेलो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

‘सगळं बोललो,’ मी म्हणालो. ‘अगदी मनापासून. बाबांनी माफ केलं.’

तिने माझ्याकडे पाहिलं, मग फ्रिजवरच्या डबीकडे. डबीत दोन्ही मशीनं शेजारी शेजारी पडली होती आणि बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता.

‘सकाळपासून चार्जिंगला आहेत,’ ती म्हणाली.

‘पण ते मान हलवत होते.’

‘तुम्ही बोलायला लागलात की ते हलवतात,’ ती घडी नीट करत म्हणाली. ‘मीही तेच करते.’