विरजणाची डबी

कांबळे बापू घर बघायला निघाले की सोबत एक रिकामी डबी न्यायचे. स्टीलची, घट्ट झाकणाची, मुठीत मावेल एवढी. डबी वायरच्या पिशवीत, पिशवी जुन्या स्कूटरच्या हुकाला आणि बापू कानाला मफलर गुंडाळून स्कूटरवर. दर रविवारी, दुपारी बरोबर चार वाजता.

इतर माणसं घर बघताना भिंतीवर ओल शोधतात, नळ सोडून बघतात, दार कुठल्या दिशेला आहे ते विचारतात. बापू यातलं काहीच करत नसत. घराची किल्ली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते हातानंच थांबवत आणि सरळ शेजारच्या घराची कडी वाजवत. दार उघडलं की एका दमात म्हणत, "मी कांबळे. विद्यापीठात असतोय. जरा विरजाण मिळंल काय?"

आधी आडनाव, मग नोकरी, मग मागणं. हा क्रम कधी चुकत नसे. आयुष्यभर सरकारी अर्ज भरून लागलेली सवय असावी, असं मला वाटे.

मिळालेलं चमचाभर दही घेऊन ते घरी जात, रात्री कोमट दुधाला लावत आणि सोमवारी दुपारच्या सुट्टीत लागलेलं दही घेऊन माझ्या टेबलापाशी येत. "चाखा सर. आन् सांगा, हितं ऱ्हावं का नगो."

आम्ही दोघं विद्यापीठाच्या ग्रंथालयात होतो. मी पुस्तकांच्या नोंदी करायचो आणि बापू तळघरातल्या बांधणी विभागात फाटलेली पुस्तकं शिवायचे. कुणी नव्या बांधणीचं कौतुक करू लागलं की ते पुस्तक उलटं धरून पाठ उघडून दाखवत. "कव्हर काय बघताय? शिवण बघा. कव्हर बदलता येतंय, शिवण सुटली की पानं गेली." घराच्या बाबतीतही त्यांचं तेच म्हणणं होतं. भिंती म्हणजे कव्हर. शेजार म्हणजे शिवण.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि कोल्हापुरात घरांचं पीक आलं होतं. विद्यापीठाच्या आसपास तर ज्याच्याकडे जादा खोली होती त्यानं तीत चार कॉट टाकून विद्यार्थी ठेवले होते. गल्लोगल्ली मेसच्या पाट्या, संध्याकाळी राजारामपुरीत पोरापोरींची ही गर्दी आणि वर्तमानपत्रात रोज नव्या अपार्टमेंटची जाहिरात: विद्यापीठ फक्त पाच मिनिटांवर. बापू ती जाहिरात मोठ्यानं वाचून मला विचारायचे, "पाच मिंटं कशानं? इमानानं?"

पण घर घेणं त्यांना भागच होतं. ते विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये राहत आणि निवृत्तीच्या दिवशी क्वार्टर सोडावं लागणार होतं. मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात नवरा-बायको दोघंच. मूळ गाव मुरगूड, पण तिथं आता वाट बघणारं कुणी नव्हतं. दोन वर्षं हातात होती, आणि बापू ती दह्यात घालवत होते.

या शोधासाठी त्यांनी एक वही स्वतः बांधली होती. लाल कापडी पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरांत 'शेजार'. नोंदी मी वाचलेल्या आहेत. 'राजारामपुरी, तिसरा मजला. दही पाणचट. बाई भली, पण घाईत.' 'टाकाळा. दार उघडलं नाही. आतून विचारलं, काय विकायला आलाय?' 'गडमुडशिंगी. दही घट्ट. चहा दिला, वांगी दिली, म्हातारीनं तासभर सुनेची गाऱ्हाणी सांगितली. शेजार जरा जास्तच.' एका नव्या इमारतीबद्दल तर एकच ओळ होती. 'तीन दारं वाजवली, तिन्हीकडं विकतच्या दह्याचा डबा.' त्या ओळीखाली त्यांनी लाल रेघ मारली होती.

बापूंच्या हातांना येणाऱ्या, पुस्तकं चिकटवायच्या खळीच्या वासात दही चाखणं सोपं नव्हतं. शिवाय मला दह्यातलं काही कळत नाही. मी दर वेळी "चांगलं आहे" म्हणायचो आणि बापू दर वेळी निराश व्हायचे.

एकदा कसबा बावड्याला मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. बिल्डरचा माणूस उत्साहात होता. "पावणं, किचन बघा की! कडाप्पा बघा, कसला चकाकतोय."

"कडाप्प्याशी काय बोलत बसू? शेजारी कोन हाय?"

"शेजारचा फ्लॅट अजून विकायचाय की."

"मग मी बी अजून आलोच न्हाय समजा," बापू म्हणाले आणि जिना उतरू लागले. तो माणूस मला हळूच म्हणाला, "ह्येंच्या डोस्क्याचं काय बिनसलंय काय?" मी म्हणालो, "नाही. बाइंडर आहेत." त्याला ते पटलेलं दिसलं.

निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा क्वार्टर रिकामं करण्याची नोटीस आली. बापूंच्या वहीची पानं संपत आली होती. पुन्हा बावड्याला, आता माणसं राहायला आली होती म्हणून, ते एका रविवारी गेले आणि परत येताना माझ्या घरी थांबले. दिवेलागण झाली होती. विद्यापीठामागच्या माळावर आमची चिकटून-चिकटून बांधलेल्या बैठ्या घरांची वसाहत आहे, तिथं. पिशवी ओट्यावर ठेवून बापू आत आले आणि माझं एक खिळखिळं झालेलं पुस्तक बघण्यात गढून गेले. अर्ध्या तासानं चहा पिऊन, पिशवी उचलून निघून गेले.

सोमवारी ते आले ते जवळजवळ पळतच. "सर, घर मिळालं!" वाटीत चमचा उभा राहत होता. मी चाखलं. गोडसर, घट्ट, शेवटी किंचित आंबट. पहिल्यांदाच मी मनापासून म्हणालो, "बापू, हे खरंच चांगलं आहे."

"एक नंबर हाय! बावडा ठरलं. येत्या गुरुवारी इसार देऊन टाकतो."

संध्याकाळी जेवताना मी ही आनंदाची बातमी पत्नीला सांगितली. सुमनचा वाढता हात थांबला. "बावड्याचं दही?"

"हो. उत्तम लागलं होतं. मी खाल्लं ना."

"अहो, आधी त्या माणसाला थांबवा! ते दही आपलं आहे."

झालं होतं ते असं. आम्ही आत पुस्तक बघत असताना आमच्या मांजरानं ओट्यावरच्या पिशवीत तोंड घातलं होतं. झाकण कधी नव्हे ते नीट बसलं नव्हतं. सुमन बाहेर आली तेव्हा डबी चाटूनपुसून स्वच्छ. पाहुण्याची वस्तू आपल्या मांजरानं नासली, आता सांगायचं कसं, म्हणून तिनं डबी घासली, घरातलं विरजण भरलं आणि झाकण दाबून ठेवून दिली. "एवढ्या लांबून आलेला माणूस रिकाम्या डबीनं कसा जाईल? मला काय ठाऊक, तो त्याच्यावर घर घेणार आहे!"

एकवीस वर्षं मी ते दही रोज जेवत होतो, आणि त्या दुपारी ते मला बावड्याचं वाटलं होतं. सुमनला त्याचं इतकं हसू आलं की तिला पाणी द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तळघरात जाऊन बापूंना सगळं सांगितलं. त्यांची सुई शिवणीत अर्ध्यावर थांबली.

"मांजरानं खाल्लं?"

"हो."

"सगळं?"

"डबी चाटून पुसून."

"म्हंजे बावड्याचं बी बरंच असनार," बापू विचार करत म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला. "वैनींनी डबी कवा भरली?"

"तुम्ही आत होता तेव्हा."

"दिवं लागल्यावर?"

"हो. दिवेलागणीलाच."

"दिवं लागल्यावर दिलं व्हय," ते म्हणाले. मला नाही, समोरच्या पुस्तकाला. मग पुन्हा एकदा तेच म्हणाले आणि सुई बाजूला ठेवली.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. लग्न होऊन ते मुरगूडहून कोल्हापुरात आले तेव्हा एका गल्लीत भाड्याची खोली मिळाली होती. पहिल्याच संध्याकाळी बायकोनं, शेवंतानं, दूध तापवलं आणि डबी घेऊन शेजारी विरजण मागायला गेली. शेजारणीनं हसून आत बोलावलं, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आणि मग म्हणाली, आमच्यात दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत.

"तसं असतंय काहीजनांच्यात," बापू म्हणाले. "मंडळीला खरं वाटलं. दुसऱ्या दिशी सकाळी परत गेली. बाई म्हनाली, आज दही लागलंच न्हाय. आन् आतनं ताक घुसळल्याला आवाज येत हुता. मंडळी घरी आली. डबी धुतली आन् फळीवर ठेवली. तीच ही डबी. त्यावर तिनं परत कुनाच्या दारात पाय ठेवला न्हाय. क्वार्टरमधी बी न्हाय. मी दुधाच्या कट्ट्यावरनं इकतचं दही आनत गेलो."

"पण बापू, आता तर सगळे देतात. तुमची वही भरलीय."

"देत्यात की. न्हाय असं न्हाय. पर आधी नाव सांगून घ्यावं. आन् मी मुद्दाम चारला जातोय सर, दिवं लागायच्या आत. त्यास्नी न्हाय म्हनायला कारनच नगो."

बापूंनी चष्मा पुन्हा चढवला.

"सर, तुमच्या शेजारी कोन हाय?"

आमच्या शेजारी सहा पोरं होती. परीक्षेचा अभ्यास करायला आलेली, एक टेपरेकॉर्डर आणि सहा आवडती गाणी घेऊन. घरमालक पुण्याला मुलाकडं राहत आणि घर विकायला काढून दोन वर्षं झाली होती. पण बघायला आलेलं गिऱ्हाईक गाणी ऐकून फाटकातूनच परत फिरे.

पुढच्या रविवारी चार वाजता आमची कडी वाजली. दारात मफलर, हातात डबी. "मी कांबळे. विद्यापीठात असतोय. जरा..."

"बापू, मला ठाऊक नाही का? आत या," सुमन म्हणाली.

"ऱ्हाऊ दे वैनी. रीत ती रीत." आणि सगळं वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणून, विरजण घेऊन, ते शेजारचं घर आतून न बघताच निघून गेले. परीक्षा संपवून पोरं गावाला गेली आणि बापूंनी ते घर घेतलं. पावसाळ्यात ते तीन ठिकाणी गळलं. बापूंनी तीन बादल्या ठेवल्या. "कव्हर हाय," म्हणाले, "बदलता येतंय."

राहायला आले त्या संध्याकाळी मी खिडकीशी वाचत होतो. ओट्यावरचे दिवे लागले होते. शेवंतावहिनी डबी घेऊन घरातून निघाल्या, आमच्या फाटकापर्यंत आल्या आणि थांबल्या. अंगणात बापू स्कूटर पुसत होते. ती आधीच लख्ख पुसलेली होती. सुमननं दार उघडलं, पण हाक मारली नाही, नुसती उभी राहिली. वहिनींनी फाटकाची कडी काढली.

"इरजाण हाय काय जरा?"

"आहे की. या, आत या."

त्या दोघी दारातच उभ्या उभ्या बोलत राहिल्या. मी दोन प्रकरणं वाचली. बापूंनी स्कूटर तिसऱ्यांदा पुसली.

त्या दिवसापासून वहिनींच्या घरी विरजण मोडलं नाही. आजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधाला, उद्याचं परवाच्या. मुरगूडला पुतण्याचं लग्न होतं तर डबी मांडीवर घेऊन त्या यष्टीनं गेल्या आणि चार दिवस लग्नघरात रोज वाटीभर दूध वेगळं मागून दही लावत राहिल्या. बापू वैतागून सांगायचे, "नवरीपरीस डबीची बडदास्त जादा!" आम्ही हसायचो. सुमन सगळ्यांत जास्त हसायची.

सुमनला जाऊन आता दीड वर्ष होईल. आजारपण लांबलं, त्यात आमच्या घरचं विरजण कधी मोडलं ते कळलंच नाही. नंतर मी दही खाणं सोडून दिलं. एकट्यासाठी कोण लावत बसणार.

ती गेल्यावर महिनाभरानं, दिवेलागणीला, कडी वाजली. बापू होते. मफलर तोच, आता जरा वाकलेले. हातात डबी होती, पण या वेळी भरलेली.

"मी कांबळे," ते म्हणाले. "शेजारी असतोय." डबी माझ्या हातात देऊन ते फाटकापर्यंत गेले, तिथून वळून म्हणाले, "सर, ह्ये वैनींचंच हाय. मंडळीनं मोडू दिलं न्हाय. दूध कोमट घ्या, लई तापवू नगा."

मी दूध कोमट केलं. चमचाभर विरजण घातलं, ढवळलं, वर ताटली ठेवली. सकाळी वाटीत घेतलं तर चमचा उभा राहिला.

पहिल्याच घासाला ओळखलं.