एका जागी न वाजणारी क्लॅरिनेट

वजीर तिसऱ्यांदा मायक्रोफोन सोडून चालू लागला, तेव्हा सोराबजीनं टेपचं यंत्र बंद केलं.

सोराबजीची मुंबईत जॅझची छोटी रेकॉर्ड कंपनी होती. पिंपरीतल्या एका रिकाम्या गोदामाच्या खिडक्यांना गोधड्या टांगून त्यानं तिथं स्टुडिओ केला होता. चिंचवडच्या एका वरातीत त्यानं वजीरची क्लॅरिनेट ऐकली आणि मुंबईचा पियानोवाला गोन्साल्विस याच्याबरोबर त्याची रेकॉर्ड काढायचं ठरवलं. लेबलावर सोराबजीच्या नावाखाली या दोघांची नावं येणार होती. वजीरच्या बायकोनं, रहमतबीनं, ते अख्ख्या आळीत सांगून टाकलं होतं.

अडचण एवढीच, की वजीरनं वीस वर्षं वरातीपुढं वाजवलं होतं. सूर निघाला की त्याचं पाऊल निघे. पहिल्या वेळी तो कोपरानं दार ढकलून अंगणातल्या लिंबापर्यंत गेला. टेपवर उरला नुसता पियानो. दुसऱ्या वेळी सोराबजीनं त्याच्याभोवती खडूचं रिंगण आखलं. वजीर रिंगणात राहिला, पण छडीच्या धाकानं पाढे म्हणावेत तसा वाजवत राहिला. तिसऱ्या वेळी खुर्ची दिली. खुर्चीतून आपण कधी उठलो, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

आता एकच टेप उरली होती आणि गोन्साल्विसची गाडी सहाची. सोराबजीनं लेबलाच्या कागदावरचं वजीरचं नाव खोडलं.

"खोडा की," वजीर म्हणाला. "पर एका जागी उभं राहून मी मयतालासुदिक वाजवलं न्हाई. तुमच्या तबकडीला तर न्हाईच."

डबा घेऊन आलेल्या रहमतबीला राहवलं नाही. माणूस थांबत नसेल तर तो मायक्रोफोन त्याच्याबरोबर चालवा, तिनं सुनावलं. वरातीत गॅसबत्ती वाजवणाऱ्याबरोबर चालते. वाजवणारा बत्तीखाली खिळून राहत नाही.

बाई बरोबर बोलते, गोन्साल्विस म्हणाला, आणि वजीर नसेल तर आपण आत्ताच स्टेशन गाठतो.

सोराबजीनं उठून टेपचं यंत्र सुरू केलं. मायक्रोफोनचा जड खांब छातीशी कवटाळून, वजीरकडे तोंड करून तो उलटा चालू लागला. वायर सांभाळायला रहमतबी. पियानोभोवती अशा सात फेऱ्या झाल्या. वजीरनं असं काही वाजवलं की गोन्साल्विस बसल्या जागी नाचायला लागला.

सूर थांबला तेव्हा सोराबजीचा कोट घामानं भिजला होता. त्यानं कागद ओढून वजीरचं नाव पुन्हा लिहिलं.

शेवटी पियानो जरा घाईत गेला, गोन्साल्विस म्हणाला. टेप अर्धी उरली आहे, अजून एकदा घेऊ.

"परत?" सोराबजीनं खुर्चीत अंग टाकलं. "अरे बावा, माझे हात तुटले."

वजीरनं क्लॅरिनेट झटकली. "वरातीत दमलेला बत्तीवाला बदलत्यात, साहेब. तुमचं नाव खोडू का?"

सोराबजीनं खांब उचलला.