उदाहरणादाखल साहेब

सोमवारी संध्याकाळी सव्वापाच वाजता तपासणी विभागाच्या बाईंनी कॅन्टीनबाहेरच्या फळ्यावर दुसऱ्या दिवसाचा इंग्रजी शब्द लिहिला: ‘इमिनंट’. त्याखाली अर्थ लिहिला, म्हणजे लवकरच घडणार असलेलं. आता उरलं वाक्य.

थर्मामीटरच्या त्या कारखान्यात परदेशी ग्राहक पाहणीला येणार होते, म्हणून साहेबांनी फर्मान काढलं होतं. रोज एक शब्द, त्याचा इंग्रजीतून अर्थ आणि एक वाक्य. वाक्य मात्र कारखान्यातलंच हवं, कारण पुस्तकातली वाक्यं डोक्यात राहत नाहीत. काम बाईंकडे आलं. त्यांचं अक्षर बारीक आणि नजर त्याहून बारीक. एका अंशाच्या दहाव्या भागाने चुकलेला थर्मामीटरही त्या परत पाठवत. शब्दकोशात वादळ येऊ घातल्याचं उदाहरण होतं, पण बाहेर आकाश निरभ्र होतं आणि न पाहिलेलं लिहायची बाईंना सवय नव्हती.

त्यांनी समोरच्या साहेबांच्या खोलीच्या काचेपलीकडे पाहिलं. साहेबांचा चष्मा डबीत गेला होता, जेवणाचा डबा पिशवीत गेला होता आणि एक हात कोटाच्या बाहीत होता. बाईंनी लिहिलं, ‘अवर चीफ्स डिपार्चर इज इमिनंट.’ पाच मिनिटांत साहेब घरी गेले. वाक्य तंतोतंत खरं ठरलं.

मंगळवारी सकाळी ते सगळ्यांनी वाचलं. फळ्यावरचा अर्थ कोणीच वाचत नसे. वाक्यात ओळखीचं कोणी आहे का, एवढंच लोक बघत.

“साहेब चालले म्हणायचे,” स्टोअरकीपर म्हणाला.

“कुठे चालले?” टेलिफोन ऑपरेटर मावशींनी विचारलं.

“ते फळ्यावर कसं लिहितील? जाताहेत एवढं लिहिलंय, तेच पुष्कळ झालं.”

मावशींच्या हाताशी अकरा फोन होते. दहा वाजेपर्यंत बातमी पॅकिंगपर्यंत पोचली आणि साडेदहाला धाकटे साहेब मोठ्या साहेबांच्या खोलीत जाऊन पडद्याचा रंग निरखून आले.

बातमी बाईंपर्यंतही आली. मुख्य तपासनिसाची जागा रिकामी होती. नऊ वर्षं बाई तिची वाट पाहत होत्या, आणि साहेबांचं शिफारसपत्र शुक्रवारच्या टपालाने वरच्या कार्यालयात जायचं होतं. साहेबांना घालवायला निघालेल्या बाईची शिफारस साहेब कशाला करतील?

चूक फळ्यावर झाली, तर दुरुस्तीही फळ्यावरच व्हायला हवी. बुधवारचा शब्द त्यांनी घेतला ‘बेसलेस’, म्हणजे निराधार. वाक्य: ‘द न्यूज अबाउट अवर चीफ इज बेसलेस.’

“बघा, काल नुसतं वाक्य होतं,” स्टोअरकीपर म्हणाला. “आज बातमी झाली.”

“अहो भाऊ, निराधार आहे असं लिहिलंय मी.”

“तेच ना बाई. बातमी असल्याशिवाय ती निराधार कशी होईल?”

मंगळवारी रजेवर असलेले चौघेजण काय ते विचारायला आले. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगण्यात आलं.

गुरुवारसाठी बाईंनी कुठेही फाटे फुटणार नाहीत असा साधा शब्द शोधला. ‘रिमेन’, म्हणजे आहे तिथेच राहणं. वाक्यही तीन शब्दांचं: ‘अवर चीफ रिमेन्स.’ आमचे साहेब इथेच आहेत. विषय संपला.

पण विषय स्टोअरमध्ये पोचला. तिथल्या कपाटात एक जाडजूड शब्दकोश होता. या खेपेला घाई नको म्हणून स्टोअरकीपरने तो काढला आणि फळ्यावर होता तसाच शब्द शोधला. ‘रिमेन’ नव्हे, ‘रिमेन्स’. शब्द सापडला. त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं, मग फोन उचलला.

“मावशी, बसला आहात ना? रिमेन्स म्हणजे पार्थिव.”

“अगं बाई. पण आत्ता तर त्यांनी माझ्याकडून घरचा फोन जोडून घेतला.”

“शेवटचं बोलले असतील घरच्यांशी. काहीतरी मोठं दुखणं आहे, मावशी. बाईंना माहीत आहे. सरळ सांगवत नाही, म्हणून बिचाऱ्या रोज थोडं थोडं फोडताहेत.”

दुपारी साहेब कॅन्टीनमध्ये आले तेव्हा सगळे उठून उभे राहिले. कोणीतरी खुर्ची पुसली. मावशींनी गरम पाणी आणून दिलं आणि साहेबांकडे न बघता त्या डोळे टिपत निघून गेल्या. धाकट्या साहेबांनी त्यांच्या टेबलावरच्या सगळ्या फायली उचलल्या आणि हळू आवाजात सांगितलं, “तुम्ही आता कशातही जीव अडकवू नका.”

शुक्रवारी सकाळी साहेबांनी बाईंना बोलावलं. बाई मनाशी खुलासा पाठ करत आत गेल्या. साहेबांचे पाय स्टुलावर होते. पाठीमागे उशी होती.

“ते वाक्य तुम्ही लिहिलंत?”

“हो साहेब. सव्वापाच वाजता. तेव्हा ते बरोबर होतं. मी सगळ्यांना बोलावून आजच—”

“कोणाला काही सांगू नका,” साहेब घाईने म्हणाले. “दार लावा आधी.”

बाईंनी दार लावलं.

“चौदा वर्षं या खुर्चीत काढली मी. पाठ दुखते का, असं एकाने विचारलं नव्हतं. काल सात जणांनी विचारलं. फायली गेल्या. जेवून डुलकी लागली तर बाहेर लोक चवड्यांवर चालत होते.” त्यांनी उशी सारखी केली. “सोमवारचा शब्द आजाराचा घ्या. भारदस्त हवा. लवकर बरा न होणारा.”

“पण साहेब, तुम्हाला आजार नाही.”

“हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. फळ्याला कशाला कळवायचं?” त्यांनी खणातून शिफारसपत्र काढलं आणि पेनाचं टोपणही काढलं. पेन मात्र कागदाच्या वरच राहिलं.

बाईंनी त्या पेनाच्या टोकाकडे पाहिलं. खोटं वाक्य त्यांनी आयुष्यात लिहिलं नव्हतं. नऊ वर्षांत पेनही इतकं जवळ आलं नव्हतं.

“एक शब्द आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “मालिंगर.”

“मालिंगर.” साहेबांनी तो जिभेवर घोळवला. त्यांचं इंग्रजी सहीपुरतं होतं. “गंभीर आहे?”

“नोकरीतल्या माणसाला, हो.”

“दुखतं का फार?”

“दुखत नाही, पण कण्हावं लागतं.”

“लागण?”

“कार्यालयात फार लवकर होते.”

“मग बरं कधी होतं?”

“कोणी ओळखलं की लगेच.”

“छान,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी सही केली. पत्र अकराच्या टपालाने गेलं. बाई स्वतः टपालखोलीपर्यंत जाऊन बघून आल्या.

सोमवारी फळ्यावर शब्द होता, ‘मालिंगर’. त्याखाली त्याचा अर्थ होता: काम टाळण्यासाठी आजारपणाचं सोंग करणं. स्वच्छ इंग्रजीत, ठळक अक्षरांत, एकही शब्द न लपवता. त्याखाली वाक्य: ‘अवर चीफ मालिंगर्स एव्हरी डे.’ बाईंनी तिन्ही ओळी दोनदा तपासल्या. कुठेही चूक नव्हती.

लोक जमले आणि नेहमीप्रमाणे थेट शेवटच्या ओळीवर गेले.

“मालिंगर,” स्टोअरकीपर हळूच म्हणाला. “तेही रोज. कोश आणू का?”

“राहू द्या हो, भाऊ. काय बघायचंय त्यात?” मावशींनी पदर तोंडाला लावला. “आमच्या मामेसासऱ्यांना होतं हेच. सगळे डॉक्टर झाले, पण शेवटपर्यंत एकालाही सापडलं नाही.”