फुग्यातलं पाडस

एका जंगलात, दुपारी चार वाजता, पाणवठ्याजवळच्या उंबराखाली चितळांचा कळप चरत होता. उंबराच्या शेंड्यावर फांद्याजी नावाचा वानर पहाऱ्यावर होता. वारा पडला होता.

मुलांनो, पुढचं ऐकण्याआधी तिथली रीत समजून घ्या. वानर वरून पाला टाकतो, चितळं तो खातात. बिबट्या दिसला की वानर 'खॅक' करून ओरडतो, चितळं पळतात. या कामाला पगार नाही, पेन्शन नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या ते चोख चाललं होतं. म्हणजे सुधारणेला भरपूर वाव होता.

सुधारणा कोल्ह्याने आणली. तिचं नाव फुगेफोड. एक चपटी, चकचकीत पाटी. तिच्यावर रंगीत फुगे. प्रत्येक फुग्यात मोठ्या डोळ्यांचं एक गोंडस पाडस अडकलेलं. नेम धरून एका रंगाचे फुगे जुळवले की फट्. पाडस बाहेर येतं आणि गोड पापा देतं. दिवसाला डाव मात्र मोजकेच.

"याने काय होतं?" फांद्याजीने विचारलं होतं.

"मन शांत होतं," कोल्हा म्हणाला. "तुमच्या कामात ताण फार."

आपल्याला ताण आहे, हे फांद्याजीला तेव्हाच कळलं.

बघता बघता प्रत्येकाकडे पाटी आली आणि सगळं जंगल खेळू लागलं. अस्वलाने मध सोडला. घुबड भर दुपारी जागू लागलं. साळिंदराला तर न खेळताच फुगे फोडण्यातला तज्ज्ञ ठरवून टाकलं. गव्याने पहिल्याच डावात खुराने पाटी फोडली आणि जिंकलो म्हणून मिरवून घेतलं.

अडचण एकच झाली. नेम चुकला की फांद्याजी चिडून 'खॅक' करी. खाली चितळं जीव घेऊन पळत. धापा टाकत परत येत. पुन्हा 'खॅक'. पुन्हा पळापळ.

शेवटी ठिपकी चितळीण झाडाखाली आली. तिचं पाडस, बिट्टू, असंच पळताना पडलं होतं आणि लंगडत होतं.

"भाऊजी, आत्ताचा बिबट्या खरा होता का?"

"नाही वहिनी. निळा फुगा थोडक्यात हुकला."

"मग ओरडू नका ना. लेकराचा पाय बघा माझ्या."

"तुम्ही सांगितलंत, संपलं. आजपासून तोंड बंद."

जंगलाने सभा भरवली. शांत पहारेकरी म्हणून फांद्याजीला हार घातला. कोल्ह्याने भाषण केलं. अस्वलाने पाटीवरून मान न उचलता टाळ्या वाजवल्या.

आता त्या दुपारी परत या.

पाणवठ्याकडचं गवत हललं. फांद्याजीने ते पाहिलं. पण पाटीवर शेवटचा फुगा उरला होता आणि आतलं पाडस रडत होतं. आधी याला सोडवू, असं त्याच्या हळव्या मनाने ठरवलं. शिवाय ओरडायचं नाही असा शब्द दिलेला.

फट्. पाडस सुटलं. पापा मिळाला. पाटीवर फुलं उधळली गेली.

खाली बिबट्या आला आणि गेला. कळप पळाला. बिट्टूला पळता आलं नाही.

ठिपकी झाडाखाली परतली. "भाऊजी, माझं बाळ वरून दिसतंय का हो?"

"वहिनी, आत्ताच तर वाचवलं," फांद्याजी म्हणाला आणि त्याने कौतुकाने पाटी खाली धरली.

ठिपकीने नीट पाहिलं.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "हे लंगडत नाही."

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. सगळे आले. सगळ्यांची मनं फारच अस्वस्थ होती, म्हणून सगळे खेळले.

तात्पर्य: बाळांनो, वाचवायचंच असेल तर फुग्यातलं पाडस वाचवावं. ते हवं तेव्हा परत फुग्यात घालता येतं, आणि त्याची आई जाब विचारायला झाडाखाली येत नाही.

आणि हो. त्या दुपारी फांद्याजीचे डाव खरं तर संपले होते. चारला जरा कमी असताना त्याला एक जादा डाव फुकट आला. तो कोणी पाठवला, हे कोल्ह्याने अजून सांगितलेलं नाही.